हललेल्या फोटोचा ठसा

१

मालवाहू लिफ्टच्या खड्ड्यात मिस्त्री मरून पडलेला सापडला, तेव्हा दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

तळमजल्याचं जाळीचं दार अर्धवट उघडं होतं. लिफ्ट वर, दुसऱ्या मजल्यावर उभी होती. कंबरभर खोल खड्ड्यात तो एका कुशीवर पडला होता. बाजूला पाना, ग्रीसचा डबा आणि विझत आलेली टॉर्च. व्यवस्थापकांनी वरून डोकावून पाहिलं, हाका मारल्या, मग माणसं गोळा केली.

ती इमारत म्हणजे जुन्या कागदपत्रांचं भांडार. दुसऱ्या मजल्यावर गोदाम, पहिल्या मजल्यावर फोटोखोली, तळमजल्यावर माल पाठवायची जागा. सगळी मिळून आठ-दहा माणसं. त्यांनी त्याला उचलून बाहेर काढलं, तोंडावर पाणी मारलं. पण अंग गार पडत चाललं होतं.

व्यवस्थापकांनी त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. शिडीवरून पाय घसरून खड्ड्यात पडल्याने मृत्यू. कारण, मृताचा निष्काळजीपणा. दीड पानात माणूस संपला.

पाचव्या दिवशी मिस्त्रीची बायको कामगार-सुरक्षा कार्यालयात आली. रडली नाही. टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "माझा नवरा खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची हलवून बघायचा. पाहुण्यांच्या घरीसुद्धा. मला लाज वाटायची. असा माणूस शिडीवरून घसरला म्हणतात. माझा सख्खा भाऊ तिथेच कामाला आहे, तोही तेच म्हणतो. पण मला पटत नाही."

टेबलामागच्या बाईंनी तिला बसायला सांगितलं. बसण्याआधी तिनेही खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती जराशी हलवून पाहिली, आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन खाली बघत बसली.

बाईंनी फाईल ओढली आणि त्या अहवालावर बोट ठेवलं.

"ह्यात एक गोष्ट लिहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "लिफ्ट त्या वेळी चालू होती की बंद."

२

कार्यालयात त्यांना सगळे भिंगवाली म्हणत, तोंडावर बाई. खरंच त्यांच्या पर्समध्ये एक भिंग असायचं. ह्या नोकरीआधी नऊ वर्षं त्यांनी एका वेधशाळेत ताऱ्यांच्या फोटोंची मोजमापं केली होती. वेधशाळा बंद पडली आणि त्या तुटलेली बोटं, भाजलेले हात आणि पडलेली माणसं मोजायला लागल्या. तारे बरे होते, असं त्या कधीमधी म्हणत.

आधी त्यांनी डॉक्टरांना फोन केला.

"छाती दबलीय," डॉक्टर म्हणाले. "लोखंडी कडेवर पडून होऊ शकतं, वरून काही दाबलं तरी होऊ शकतं. मला ठामपणे सांगता येणार नाही. एक ते दोनच्या दरम्यान गेला. आणि लगेच गेला नाही. अर्धा तास तरी श्वास चालू असावा."

भांडारात व्यवस्थापकांनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं. इस्त्रीचे कपडे, टेबलावर एकाखाली एक रचलेले कागद, आवाजात दुःखाची ठरावीक मात्रा.

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, बाई. पण अति शहाणपणा होता. जेवणाच्या सुट्टीत काम करायची काय गरज होती?"

"लिफ्ट कुठे होती?"

"सकाळपासून दुसऱ्या मजल्यावर. बंद. किल्लीशिवाय ती चालत नाही, किल्ली एकच आहे आणि ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती."

"त्या दुपारी माल गेला की."

"बावीस खोकी. गोदामवाल्याने जिन्यावरून नेली. विचारा त्याला."

गोदामवाला म्हणजे मिस्त्रीचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला भेटायला भिंगवाली दुसऱ्या मजल्यावर गेल्या, तर तो नेमका खाली होता. तो जिन्याने वर आला. हातात काही नव्हतं, तरी दाराशी पोचल्यावर त्याने चौकटीला टेकून छातीतली शिट्टी थांबायची वाट पाहिली.

"दमा?" त्यांनी विचारलं.

"लहानपणापासून."

"त्या दिवशी खोकी कशी उतरवलीत?"

"जिन्याने." तो भिंतीकडे बघत म्हणाला. "एक वाजता सुरुवात केली. सव्वा वाजता गाडीपाशी होतो. नंतर पावणेदोनपर्यंत ड्रायव्हरबरोबर गाडीतच खोकी लावत होतो. त्याला विचारा."

"तुमच्या भाऊजींना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

"सकाळी. कामावर बरोबरच आलो होतो."

त्यांनी एक खोकं उचलायचा प्रयत्न केला. ते जमिनीवरून हललंच नाही. अशी बावीस, दोन मजले खाली, पंधरा मिनिटांत, ह्या छातीनिशी. पाणी कुठेतरी मुरत होतं. पण नुसत्या संशयावर कोणाचा अहवाल बदलत नाही. एक ते दोनमध्ये लिफ्ट हलली, हे सांगणारं काहीतरी हवं होतं. पण सगळी माणसं जेवायला बाहेर गेली होती, असं गोदामवाला म्हणाला.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"फोटोकाका सोडून," गोदामवाला म्हणाला, आणि बोललो हे बरं केलं नाही असा चेहरा करून त्याने दार ओढून घेतलं.

३

फोटोकाका साठीचे. पहिल्या मजल्यावरच्या अरुंद खोलीत एक जड टेबल, टेबलावर लोखंडी स्टँड, स्टँडला खाली तोंड करून कॅमेरा. जुन्या वह्या एकेक पान उलटत त्याखाली ठेवायच्या आणि फोटो घ्यायचे, हे त्यांचं सतरा वर्षांचं काम. पानं नाजूक म्हणून दिवे मंद, दिवे मंद म्हणून प्रत्येक फोटोला पूर्ण एक सेकंद.

बोलताना त्यांचा उजवा हात मांडीखाली दाबलेला होता.

"जेवण मी इथेच करतो. डबा पाच मिनिटांत संपतो, मग पुन्हा काम."

"लिफ्टचा आवाज ऐकलात?"

"मला एका कानाने येत नाही ऐकू आणि दुसऱ्या बाजूला हा हवा खेचणारा पंखा. ढोल बडवलेत तरी कळणार नाही."

"लिफ्टची मोटर कुठे आहे?"

काकांनी मागच्या भिंतीकडे हनुवटी उडवली. "ह्या भिंतीपलीकडे. माळ्यावर."

भिंगवालींनी भिंतीला हात लावला. मग टेबलाला. टेबल भिंतीत घट्ट बसवलेलं होतं.

"त्या दुपारचे फोटो बघता येतील?"

"चांगले पाठवले मी पुढे."

"आणि वाईट?"

मांडीखालचा हात आणखी आत गेला. "वाईट म्हणजे?"

"प्रत्येक पानाचे दोन फोटो घेता ना? दारावर लिहिलंय. चांगला ठेवायचा, दुसरा टाकायचा. टाकलेले कुठे आहेत?"

काकांनी हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. तो थरथरत होता, थांबवावा म्हटलं तरी थांबत नव्हता.

"सहा महिने झाले," ते म्हणाले. "साहेबांना माहीत नाही. कळलं तर घरी बसवतील. त्या दिवशी तीन फोटो हलले माझे. तीन. लपवून ठेवले. आपण होऊन कशाला हात दाखवून अवलक्षण करायचं? आणि माझा हात तर असा."

त्यांनी संगणकावर एक फाईल उघडली. पान एकशे सतरा. पहिला फोटो धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ. दुसरा हललेला. वेळ, दुपारी एक वाजून बारा मिनिटं.

४

भिंगवाली फोटो घेऊन कार्यालयात आल्या. दुपारभर त्यांनी खिडकीचा पडदा ओढून ठेवला.

हललेल्या फोटोतल्या एका पूर्णविरामावर त्यांनी भिंग धरलं. मूळ फोटोत तो एक गोल टिंब होता. इथे तो वेडावाकडा फराटा झाला होता, शेजारच्या अक्षराचा फराटा त्यात मिसळलेला. काकांच्या हातासारखाच दिसत होता तो. त्यांचं मन खट्टू झालं. फोटो घ्यायचं बटण कॅमेऱ्यापासून लांब, वायरीवर असलं तरी काकांचा हात टेबलावर टेकलेला असणार, टेबल हललं असणार. म्हणजे लिफ्ट नाही, नुसता म्हातारा हात. आणि त्या हे अहवालात लिहितील, आणि म्हाताऱ्याची नोकरी जाईल, एवढंच काय ते निष्पन्न.

पण वेधशाळेतली नऊ वर्षं म्हणत होती, एका टिंबावर विश्वास ठेवू नकोस. पानावर हजारो टिंबं आहेत.

हललेला फोटो म्हणजे दुसरं काही नसतं. तो स्वच्छ फोटोच असतो, फक्त त्यातला प्रत्येक बिंदू एकाच तऱ्हेने पसरलेला असतो. कॅमेरा त्या सेकंदात ज्या वाटेने हलला, त्या वाटेचा ठसा प्रत्येक बिंदूवर उमटतो. नुसता हललेला फोटो हातात असेल तर ती वाट अंदाजाने शोधावी लागते. इथे मात्र त्याच पानाचा स्वच्छ फोटोही होता. गणिताला विचारायचं एवढंच, ह्या पानाचं ते पान व्हायला कोणता ठसा लागेल?

पहिलं उत्तर आलं ते नुसता चुरा. काळे-पांढरे कण, अर्थ काहीच नाही. त्यांनी दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवून पाहिले. दोन फोटोंच्या मध्ये पानाची कड केसभर सरकली होती. ती जुळवून घेतली. मग गणिताला दोन अटी घातल्या. प्रकाश उणे असू शकत नाही, आणि पसरला तरी एकूण तेवढाच राहतो. पुन्हा गणित लावलं.

चुरा हळूहळू निवळला. पडद्यावर चौकटींच्या जाळीत एक रेघ उभी राहिली. आडवी, सरळ, नऊ घरं लांब. आणि ती सगळीकडे सारखी उजळ नव्हती. मधे अंधुक, दोन्ही टोकांना ठळक.

त्या खुर्चीत मागे टेकल्या.

झोका दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो आणि मधून सुसाट जातो. टोकांना जास्त वेळ, म्हणून टोकांना जास्त प्रकाश. ही रेघ एकाच लयीत, एकाच दिशेत, सेकंदभर मागेपुढे हलणाऱ्या वस्तूची होती. डोळ्यांनी पाहिलेला वाकडेपणा शेजारच्या अक्षराचा होता, हाताचा नव्हता.

हाडामांसाचा हात इतका सरळ थरथरत नाही.

५

दुसऱ्या दिवशी त्या वरिष्ठांचं पत्र घेऊन भांडारात आल्या. व्यवस्थापकांनी पत्र दोनदा वाचलं.

"एका हललेल्या फोटोवरून लिफ्ट चालवून बघायची? सुतावरून स्वर्ग म्हणतात तो हाच का, बाई?"

"स्वर्गात मला जायचं नाही. पहिल्या मजल्यापर्यंत पोचले तरी पुरे."

आधी त्यांनी काकांना टेबलावर हात ठेवायला सांगितला, थरथरू दे म्हणाल्या, आणि एकाच पानाचे जोडीजोडीने फोटो घेतले. ठसा आला तो दोन घरांचा, गुंतलेल्या दोऱ्याच्या गाठीसारखा. काका त्या गाठीकडे चष्मा वर करून बघत राहिले.

"हा मी?"

"हे तुम्ही. आणि एकशे सतरा तुम्ही नाही."

काकांनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

पंखा चालू आणि पंखा बंद, दोन्ही करून पाहिलं. पंखा तर दिवसभर चालू असतो आणि दिवसभराचे बाकी फोटो स्वच्छ होते, म्हणजे तो प्रश्न तिथेच मिटला. मग लिफ्ट. रिकामी वर, रिकामी खाली. ठसा तोच, आडवा, सरळ, दोन्ही टोकांना ठळक. मोटर तिरकी बसली होती आणि भिंतीला आडवे धक्के देत होती.

पण लांबी पाच घरं. एकशे सतराची रेघ नऊ घरांची होती.

"बघा," व्यवस्थापक दारातून म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. "जुळत नाही."

भिंगवालींनी गोदामवाल्याकडे पाहिलं. "दहा खोकी ठेवा आत."

दहा खोकी, सात घरं. गोदामवाला पुढची खोकी सरकवायला लागला. अठरा खोकी, आठ घरं आणि थोडं वर. त्याने आपण होऊनच आणखी चार ठेवली, कोणी सांगितलं नव्हतं, आणि जिन्याच्या पायरीवर बसला.

लिफ्ट खाली गेली. काकांनी बटण दाबलं. गणित झालं.

नऊ घरं.

६

व्यवस्थापकांच्या खोलीत चौघंच होते. ते स्वतः, गोदामवाला, काका आणि भिंगवाली. दार बंद होतं.

"एक वाजून बारा मिनिटांनी बावीस खोक्यांच्या वजनाची लिफ्ट खाली आली," भिंगवाली म्हणाल्या. "पान एकशे सतराचा दुसरा फोटो हलला आणि लगेच पुढच्या, एकशे अठराच्या पानाचा पहिला फोटो हलला. दोन्ही पानांची जोडी लावली, दोन्हींचा ठसा एक. त्याआधीचा फोटो स्वच्छ, त्यानंतरचा स्वच्छ. मधे चाळीसएक सेकंद. लिफ्टला खाली यायला तेवढेच लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं."

"कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल."

"दोन मिनिटं पुढे आहे. तेही पाहिलं. त्याने काही बदलत नाही." त्या क्षणभर थांबल्या. "खोकी कोणी ठेवली, हे मला विचारायची गरज नाही. पण किल्ली एकच. ती तुमच्या ड्रॉवरमध्ये."

व्यवस्थापकांनी कपाळावरून रुमाल फिरवला. "समजा लिफ्ट खाली आली. ह्याने किल्ली न विचारता घेतली असेल. हाच चालवत होता. आपल्या माणसावर लिफ्ट घातली आणि मग तोंड लपवलं. मी कशाला त्यात?"

गोदामवाल्याने मान वर केली नाही.

"काकांचे हललेले फोटो तीन आहेत," भिंगवाली म्हणाल्या. "तिसरा पान एकशे बत्तीसचा. एक वाजून तेवीस मिनिटं. पाच घरांची रेघ. रिकामी लिफ्ट."

भिंगवालींनी तिन्ही फोटो टेबलावर ओळीने मांडले.

"मिस्त्री सापडला तेव्हा लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर होती. आपोआप ती वर जात नाही. अकरा मिनिटांनी कोणीतरी ती वर नेली. तेवीसला हा गाडीत ड्रायव्हरबरोबर होता. ड्रायव्हरशी मी स्वतः बोलले, सव्वापासून पावणेदोनपर्यंत हा त्याच्या डोळ्यांसमोर होता. काका वर बटण दाबत होते. बाकीचे जेवायला बाहेर. मग राहिलं कोण?"

व्यवस्थापक खिडकीकडे बघत होते.

बोलला तो गोदामवाला. हळू, एकेक वाक्य सोडत.

"साहेब म्हणाले, मिस्त्री जेवायला गेला, गाडी खोळंबलीय, लिफ्ट वापर. किल्ली त्यांनीच दिली. भाऊजींनी मेन स्विच बंद करून त्यावर पाटी लावली होती, दुरुस्ती चालू म्हणून. मी आलो तेव्हा पाटी नव्हती. स्विच चालू होता. मी खड्ड्यात बघितलं नाही. रोज बघतो, त्या दिवशी नाही बघितलं."

"किल्ली परत कधी दिलीत?"

"खोकी उतरवली की लगेच. साहेब तिथेच होते."

"पाटी कोणी काढली?" भिंगवालींनी विचारलं, व्यवस्थापकांकडे बघून.

व्यवस्थापक म्हणाले, "मी हाक मारली होती. उत्तर आलं नाही. मला वाटलं गेला."

"आणि लिफ्ट वर का नेलीत?"

"किल्ली घेऊन बंद करायला गेलो. खालून आवाज आला. वाकून पाहिलं, फटीतून हात दिसला. लिफ्ट वर घेतली, त्याला मोकळं करावं म्हणूनच घेतली. मग पाहिलं त्याच्याकडे." ते थांबले. "वाटलं, आता काही उपयोग नाही. आणि मग वाटलं, लिफ्ट वरच आहे, सकाळपासून वरच होती, तर..."

"त्याचा श्वास चालू होता," भिंगवाली म्हणाल्या.

"मला माहीत नव्हतं."

"आवाज आला म्हणून तुम्ही वाकलात."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर दीड पानाचा अहवाल लिहून शेतालाच दोष दिला होता. भिंगवालींनी पोलिसांना फोन लावला. काका उठून खोलीबाहेर गेले. जाताना त्यांनी गोदामवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच, थरथरता, थोडा वेळ राहू दिला.

"सहा दिवस का गप्प बसलात?" पोलिसांची वाट बघताना भिंगवालींनी गोदामवाल्याला विचारलं.

"साहेब म्हणाले, लिफ्ट तू चालवलीस. बोललास तर तुझ्या ताईला सांगावं लागेल, तिच्या नवऱ्याला कोणी मारलं ते." त्याने नाक पुसलं. "ते खरंच होतं ना, बाई."

"अर्धं होतं."

"ताईला अर्धं सांगून चालत नाही."

७

पोलिसांकडचे जबाब संपायला पाच वाजले. गोदामवाल्याला तात्पुरतं सोडलं. त्याने भिंगवालींना बरोबर येण्याची विनंती केली. असं करणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्या गेल्या.

दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत मिस्त्रीच्या बायकोने इस्त्रीचं टेबल मांडलं होतं, आजूबाजूला लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे. मुलगी आत अभ्यास करत होती. आईने तिला शेजारी पाठवलं. मग इस्त्री बंद करून उभी ठेवली आणि भावाकडे पाहिलं.

त्याने सगळं सांगितलं. बसला नाही, दाराला पाठ लावून उभा राहिला. किल्ली, पाटी, खोकी, अकरा मिनिटं. एका शर्टाची कॉलर ताई बोटांनी सरळ करत होती, झालेलीच पुन्हा करत होती.

"खोकी उतरवताना," तिने शेवटी विचारलं, "त्यांनी हाक मारली होती?"

भिंगवालींना वाटलं आपण काहीतरी बोलावं. डॉक्टर काय म्हणाले, लिफ्टचा आवाज किती असतो, असं काहीतरी. पण उत्तर भावाकडेच होतं.

"हाक नाही," तो म्हणाला. "ठोकल्यासारखं आलं खालून. तीनदा. मला वाटलं साखळी आहे."

"साखळी."

"ती वाजते कधीकधी, ताई."

ती खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची चेन बसवत होतं, बसत नव्हती. ती ते बघत उभी राहिली. भावाच्या छातीतली शिट्टी खोलीभर ऐकू येत होती.

"सहा दिवस तू माझ्या घरी जेवलास," ती पाठमोरीच म्हणाली. "मुलीला मांडीवर घेऊन सांगितलंस, बाबा घसरले म्हणून. तिने मला विचारलं, बाबा तर खुर्ची पण हलवून बघायचे ना. मी तिला म्हटलं, होतं असं कधीकधी. मी म्हटलं. मी माझ्या तोंडाने त्यांना निष्काळजी म्हटलं."

"ताई..."

"त्या माणसाचं काय करायचं ते हे लोक करतील. तुझं मलाच करावं लागणार आहे." ती वळली. डोळे कोरडे होते, चेहरा मात्र एकाएकी म्हातारा झाला होता. "आता घरी जा. उद्या ये. मुलीला तूच सांगायचंस, सगळं, ठोकल्याचं पण. मी मधे बोलणार नाही. परवा पण ये. रोज ये. पण आज इथे थांबू नकोस. आज मला तुझा श्वास ऐकवत नाही."

तो मान हलवून निघाला. जिना उतरताना मधेच थांबल्याचं ऐकू आलं, मग पुन्हा पावलं, मग खालचं दार.

ताई टेबलापाशी परत आली. इस्त्री चालू केली आणि तापेपर्यंत तिच्यावर नजर ठेवून उभी राहिली. भिंगवाली उठल्या, तशी ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बसा, बाई. मुलगी येईपर्यंत बसा."

त्या बसल्या.